लेब्रम फाटलं, आता खांदा कोण सांभाळणार?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘लेब्रल टेअर’, म्हणजे खांद्याच्या सांध्यातली कूर्चेची कड फाटली, असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन करावं लागेल का? त्याच्या पाठोपाठ दुसरा, फिजिओथेरपीने ते भरून येईल का? पहिल्याचं उत्तर माणसागणिक बदलतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. हाडापासून सुटलेली कूर्चा व्यायामाने परत जाऊन चिकटत नाही. तरीही कित्येकांचा खांदा नुसत्या व्यायामाने ताळ्यावर येतो, हात वर जातो, रात्रीची झोप परत येते. हे कसं होतं ते कळलं, तर रोजचे ते कंटाळवाणे व्यायाम करायला थोडा तरी हुरूप येईल.

खुब्याचं हाड खोल वाटीत बसलेलं असतं. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचं गोल डोकं पाठीवरच्या पात्याच्या उथळ खळग्यावर टेकलेलं असतं, बशीत लिंबू ठेवावं तसं. कुठल्याही क्षणी त्या डोक्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खळग्याला टेकलेला असतो. म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच शरीरातला सगळ्यात जास्त वेळा निखळणारा मोठा सांधाही हाच. या खळग्याभोवती चिवट कूर्चेची गोल कड असते, तिचं नाव लेब्रम. तिच्यामुळे खळग्याची खोली जवळजवळ दुप्पट होते. दंडाच्या बायसेप्स स्नायूची एक दोरी वरच्या बाजूला याच कडेला बांधलेली असते. कडेच्या बाहेरच्या भागाला थोडंफार रक्त मिळतं, आतल्या भागाला जवळजवळ नाहीच. जखम भरायला रक्त लागतं, तिथेच अडचण आहे.

खांदा पुढे निखळला की कड पुढून-खालून सुटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या दुखापतीकडे लक्ष वेधलं, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुसरा प्रकार वरच्या बाजूचा, बायसेप्सच्या मुळाशी. त्याला १९९० मध्ये ‘स्लॅप’ हे नाव मिळालं. चेंडू जोरात फेकणाऱ्यांना, हात पसरून पडणाऱ्यांना तो होतो. आपल्याकडे यासाठी निमित्तांची वानवा नाही. मुंबईच्या पावसाळी क्रिकेटमध्ये, कांगा लीगच्या चिखलात सूर मारलेला क्षेत्ररक्षक असतो, दहीहंडीच्या थरावरून हातावर पडलेला गोविंदा असतो. आणि लोकलच्या दारात दांडा धरून बाहेर झुकलेला माणूस तर रोजचाच. दंड वर, कोपर मागे, पंजा बाहेर वळलेला, ही पुढून सैल झालेल्या खांद्याची सगळ्यात धोक्याची अवस्था. त्यातच मोटरमनने ब्रेक मारला की सगळा झटका त्या कडेवर येतो.

आता रिपोर्टाबद्दल. अमेरिकेत ४५ ते ६० वयाच्या, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले गेले. ते वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टांना निम्म्याहून जास्त खांद्यांत वरचं लेब्रम फाटलेलं दिसलं. हा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाचा खांदा दुखतोय आणि रिपोर्टात फाटलेलं लेब्रम आहे, एवढ्यावरून दोघांचं नातं सिद्ध होत नाही. दुसऱ्याच वर्षी नॉर्वेतला प्रयोग आला. स्लॅपच्या ११८ रुग्णांचे तीन गट केले. एकाचं लेब्रम टाके घालून बसवलं, दुसऱ्याची बायसेप्सची दोरी हलवून दुसरीकडे बांधली, तिसऱ्याला नुसतीच छेद देऊन दुर्बीण घातली, दुरुस्ती काहीच केली नाही. दोन वर्षांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ ऑपरेशन फुकट जातं असा काढू नये. विशीतल्या खेळाडूचा खांदा पुनःपुन्हा निखळत असेल, तर फक्त व्यायामावर विसंबणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही, तिथे सर्जनकडे जायलाच हवं.

मग व्यायाम करतो काय? सांध्याला चिकटून ‘रोटेटर कफ’चे चार छोटे स्नायू असतात. हात उचलताना वरचा जाड डेल्टॉइड स्नायू दंडाच्या हाडाच्या डोक्याला वर ओढतो, त्याच वेळी हे चौघे त्याला खळग्यात दाबून धरतात. कड शाबूत असेल तर त्यांचं काम सोपं, कड गेली की सगळा भार त्यांच्यावर. पात्याचंही तसंच. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १२० अंश सांध्यात होतात आणि ६० अंश पातं फिरल्यामुळे मिळतात. दिवसभर मोबाइलवर वाकून बसणाऱ्याचं पातं पुढे कललेलं असतं, ते वेळेवर फिरत नाही आणि खळगा चुकीच्या दिशेला तोंड करून राहतो.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या काळात. मेलेली मज्जापेशी कुणी परत आणू शकत नव्हतं, उरलेल्या स्नायूंना कामाला लावता येत होतं. खांद्याचा हिशोबही तोच. म्हणूनच ‘शेक आणि करंट’ घ्यायला रोज क्लिनिकात जाणाऱ्यांची मला काळजी वाटते. यंत्राने तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं. पण पलंगावर पडून स्नायू काही शिकत नाही.

एक साधा व्यायाम जवळून पाहा. दाराच्या कडीला थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, बांधायचा, कोपर कमरेशी काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला नॅपकिन, आणि मूठ हळूहळू बाहेर न्यायची. नॅपकिन कशाला? डेल्टॉइडने चोरून काम हातात घेतलं की कोपर अंगापासून सुटतं आणि नॅपकिन खाली पडतो. चोरी लगेच पकडली जाते. बहुतेक जण मूठ बाहेर नीट नेतात आणि परत येताना रबराच्या स्वाधीन होतात. खरं तर परत येणंच सावकाश हवं. चेंडू सुटल्यावर हाताला ब्रेक लावण्याचं काम मागचे स्नायू असंच, लांबत लांबत करतात.

ऑपरेशन झालं असेल तर घाई अंगाशी येते. हाडात बसवलेल्या अँकरच्या, म्हणजे छोट्या खुंट्यांच्या, दोऱ्यांनी कड जागेवर धरलेली असते, ऊतक हाडाला धरायला आठवडे लागतात. पहिले चार ते सहा आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, फक्त बोटं, मनगट आणि सांगितली तेवढी हालचाल. पुढून टाके असतील तर पंजा फार बाहेर वळवायचा नाही, बायसेप्सच्या मुळाशी टाके असतील तर भाजीची पिशवीही उचलायची नाही. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. झोपताना पाठीला उशा लावून, कोपराखाली एक उशी. सहा आठवड्यांनंतर हात स्वतःच्या ताकदीने उचलायचा, बारा आठवड्यांच्या आसपास जोर वाढवायचा. वेळापत्रक मात्र सर्जनने काय शिवलंय त्यावर ठरतं, शेजारच्या काकांच्या अनुभवावर नव्हे. ताप, जखमेतून पू किंवा बोटांना बधिरपणा आला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करावा.

स्लिंग काढायची परवानगी मिळाली तरी गर्दीच्या लोकलमध्ये ती घालूनच चढलेलं बरं. सांध्याला तिची गरज संपलेली असेल, शेजारच्या प्रवाशाला आहे. वरचं हँडल सोडून चांगल्या हाताने सीटजवळचा उभा दांडा धरावा. माळ्यावरचा डबा काढणं सगळ्यात शेवटी, पोळ्या लाटणं त्याच्या कितीतरी आधी जमतं.

मैदानावर परतणाऱ्याने कॅलेंडरवर भिस्त ठेवू नये. सहा महिने झाले म्हणजे खांदा तयार झाला, असं होत नाही. बाहेर फिरवण्याची ताकद आत फिरवण्याच्या ताकदीच्या निदान दोनतृतीयांश आहे का, दुखऱ्या बाजूचा जोर दुसऱ्या बाजूच्या जवळ आलाय का, हे मोजून घेतात. मग थ्रो सुरू होतात, जवळून, हलके, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा ठणकला नाही तरच अंतर वाढवायचं, आणि ठणकला तर आदल्या अंतरावर परत यायचं.