हेडवरचा आकडा आणि हेडमागचा हात

प्रीमियरच्या मोटारी ज्या कुर्ल्यात तयार होत, तिथल्या भंगाराच्या दुकानात जुन्या इंजिनाचे एखादे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे धातूचे झाकण, असे हाती लागते की, ते उलटे करताच जाणकार थबकतो. व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा मोठे असतात, हवा आत येण्याच्या वाटा हाताने घासून रुंद केलेल्या असतात आणि दुकानदार खात्रीने सांगतो की हे विलायती रेसिंगचे हेड आहे. ते खरे की नाही, हे ठरवण्याची रीत मला पुरातत्त्वाइतकीच शास्त्रशुद्ध वाटते.

हेडच्या अंगावर उठावदार अक्षरांत ओतीव क्रमांक असतो. पहिली चूक इथेच होते, कारण हा क्रमांक धातू कोणत्या साच्यात ओतला एवढेच सांगतो. पुढे त्यावर कोणी काम केले, ते सांगत नाही. ब्रिटिश मिनी मोटारीचे १२जी९४० हे ओतकाम याचे उत्तम उदाहरण आहे. ते वेगवान कूपर एस गाडीत वापरले गेले आणि साध्या १२७५ सीसी इंजिनांतही. कूपर एसमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह सुमारे ३५.६ मिलिमीटर व्यासाचा असे, तर साध्या गाड्यांत तो सुमारे ३३.३ मिलिमीटरचा होता. त्यामुळे क्रमांक वाचून झाल्यावरही व्हर्नियर कॅलिपर हाती घ्यावाच लागतो.

त्यानंतर ज्वलनकक्षाचे आकारमान मोजतात. हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवून, कक्षाभोवती ग्रीस लावून त्यावर छिद्र पाडलेली अॅक्रिलिकची चकती दाबायची आणि ब्युरेटने पातळ तेल सोडायचे. कुर्ल्यातल्या १०८९ सीसी इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरची क्षमता सुमारे २७२ घन सेंटिमीटर होते. हेडखालच्या पॅकिंगची जाडी धरून वर उरणारी जागा समजा ३६ घन सेंटिमीटर असेल, तर हवा-पेट्रोलचे मिश्रण सुमारे साडेआठपट दाबले जाते. फेसिंग मारून, म्हणजे हेडचा तळ तासून, तीच जागा ३० वर आणली, तर दहापट. म्हणजे हेड किती तासले आणि किती जोर काढायचा होता, हे या एका मापावरून बरेचसे उलगडते. फक्त ते तासणे शर्यतीसाठी होते की गरम होऊन वाकलेले हेड सरळ करण्यासाठी, हे कक्षाच्या कडा आणि वाटांची घासाई सोबत पाहूनच म्हणता येते.

खरी ओळख हत्याराच्या खुणांत असते. हाताच्या ग्राइंडरचे ओरखडे वळणावर दिशा बदलतात आणि चारही वाटा तंतोतंत सारख्या होत नाहीत. संगणकनियंत्रित यंत्राच्या खुणा मात्र समान अंतराने पडतात, आणि त्या दिसल्या तर ते काम साठच्या दशकातले असूच शकत नाही. बिडाच्या हेडमध्ये नंतर बसवलेली कठीण एक्झॉस्ट सीट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी, हीही बोलकी असते. पेट्रोलमधले शिसे मूळच्या बिडाच्या सीटची झीज रोखत असे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा अशी सीट बऱ्याचदा नंतरच्या दुरुस्तीची निशाणी असते.

हे काम करणाऱ्या कार्यशाळेचे नाव मात्र जपून घ्यावे. इंग्लंडमधल्या डाउनटन या नामांकित कार्यशाळेत काम केलेल्या यान ओडोर यांनी १९६२ मध्ये जॅनस्पीड ही स्वतःची संस्था काढली. कारागीर दुसरीकडे गेला तरी हाताची सवय त्याच्यासोबत जाते, म्हणून केवळ शैलीवरून कार्यशाळा ठरवणे धोक्याचे आहे. ठोकलेला शिक्का तर आणखी कच्चा पुरावा, कारण तो आजही ठोकता येतो. त्याच्या खाचांत जुना काजळीचा थर आहे की उघडा चकचकीत धातू, ते भिंगाखाली पाहावे.

म्हणूनच असे हेड हाती आले, तर ते धुण्याची घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत अॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि वाळूच्या फवाऱ्याने हाताचे ओरखडे कायमचे पुसले जातात. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत, वाटांत सिलिकॉन रबर ओतून त्यांचा ठसा काढावा आणि मगच रॉकेल व मऊ ब्रश हाती घ्यावा.