थेम्सकाठची पहिली ॲलिस

लुइस कॅरल या टोपणनावाने लिहिणारे चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डमधले गणिताचे प्राध्यापक. ४ जुलै १८६२ रोजी थेम्स नदीत होडीतून फिरताना त्यांनी तीन लहान बहिणींना एक गोष्ट रचून सांगितली. १८६५ साली तिचं पुस्तक झालं, ‘ॲलिस इन वंडरलँड’. जॉन टेनियल यांनी त्यासाठी ४२ चित्रं काढली आणि ससा, टोपीवाला, पत्त्यांची राणी यांची रूपं इंग्रज वाचकांच्या डोक्यात कायमची बसली. १८८६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ॲलिसचं संगीत नाटकही आलं. कॅरल १८९८ च्या जानेवारीत वारले. त्यांची ॲलिस पडद्यावर आली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात.

ती आणली सेसिल हेपवर्थ यांनी. त्यांचे वडील मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्रावर, व्याख्यानं देत फिरत, त्यामुळे पडदा आणि प्रकाशाचा खेळ घरचाच. १८९७ साली, विशीत असतानाच, त्यांनी चलत्‌चित्रणाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. पुढे थेम्सकाठच्याच वॉल्टन गावात एक घर घेऊन त्यांनी चित्रपटांचा कारखाना थाटला. दिग्दर्शनात जोडीला पर्सी स्टो. कॅमेऱ्याच्या करामती हा स्टो यांचा हातखंडा, आणि ॲलिसला नेमकं तेच हवं होतं. क्षणात मोठी होणारी, क्षणात बोटभर होणारी मुलगी दाखवायची तर दुसरा इलाज नव्हता.

बाकी सगळा मामला घरगुती. ॲलिस झाली मे क्लार्क. ती हेपवर्थ यांच्याकडेच कामाला होती आणि तेव्हा अठराच्या आसपासची असावी. पुस्तकातली ॲलिस सात वर्षांची. पांढरा ससा आणि पत्त्यांची राणी या दोन्ही भूमिका हेपवर्थ यांच्या पत्नीने केल्या, बेडूकतोंड्या नोकर स्वतः हेपवर्थ झाले. हसऱ्या मांजराच्या जागी घरचीच मांजर. झुडपात तरंगताना ती अजिबात हसत नाही, आणि मला तरी चित्रपटातला सगळ्यात गमतीचा क्षण तोच वाटतो. घरचा कुत्रा ब्लेअरही यात आहे. दोन वर्षांनी ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’मध्ये हरवलेलं बाळ शोधणारा नायक बनून तोच गाजला.

मूळची लांबी सुमारे ८०० फूट, म्हणजे बारा मिनिटांच्या आसपास. आज हे हसण्यावारी जाईल, पण तोवर ब्रिटनमध्ये एवढा लांब चित्रपट कोणी काढला नव्हता. तेव्हा चित्रपट सहसा भाड्याने मिळत नसत. खेळवाले ते फुटांच्या भावाने विकतच घेत. ॲलिस अख्खी घ्यायची सोय होती, तशी सुटे प्रसंग घ्यायचीही. म्हणून त्यात कथा अशी पुढे सरकत नाही, एकामागून एक प्रसंग उलगडतात. टेनियल यांच्या चित्रांशी शक्य तितकं इमान राखायचं, हे हेपवर्थ यांनी आधीच ठरवलं होतं. पुस्तक न वाचलेल्याला प्रसंगांमधल्या मजकुराच्या पाट्या वाचूनही फारसं काही कळणार नाही, पण असा प्रेक्षक त्यांनी धरलाच नव्हता. लोकांना चहापानाची मेजवानी ठाऊक होती. ती हलताना बघायची होती. ॲलिसच्या मागे धावणारी पत्त्यांच्या वेशातली मुलांची मिरवणूक आजही बघावीशी वाटते. कॅरल यांच्या लेखनाचा खरा प्राण म्हणजे उलटसुलट बोलणं, कोट्या, विडंबनगीतं. मुक्या पडद्यावर ते येणं शक्यच नव्हतं.

आपल्या दृष्टीने या वॉल्टनचं आणखी एक महत्त्व आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके तंत्र शिकायला आणि यंत्रसामग्री घ्यायला लंडनला गेले, तेव्हा ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांची गाठ हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतले सगळे विभाग त्यांना मोकळेपणाने दाखवले, चित्रणाचं प्रात्यक्षिकही करून दाखवलं. पुढच्याच वर्षी सुमारे ३७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तीही घरोघरी माहीत असलेली कथा होती, आणि कामाला अख्खं कुटुंब जुंपलेलं होतं.

हेपवर्थ यांचे दिवस मात्र पुढे फिरले. १९२४ मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली आणि त्यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह वितळवल्या गेल्या. ॲलिसची एकच प्रत हाती लागली, तीही ओरखड्यांनी भरलेली आणि अपुरी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिची डागडुजी केली, मुळात प्रसंगांना दिलेल्या रंगछटा परत चढवल्या आणि २०१० मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. बारापैकी आठ-नऊ मिनिटंच उरली आहेत. इंटरनेटवर ती फुकट बघता येते. पुस्तक शेजारी घेऊन, टेनियल यांची चित्रं ताडून बघितली तर जास्त मजा येते.