रात्रपाळीचा डबा आणि हृदयाचं घड्याळ

रात्री दोनला वॉर्डातल्या परिचारिका डबा उघडतात. पोळी-भाजी घरचीच असते, पण शरीराच्या लेखी ती वेळ जेवणाची नसते.

आपल्या मेंदूत डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. ते उजेडावरून लागतं. पण हृदय, यकृत, रक्तवाहिन्या यांच्या पेशींतही आपापली घड्याळं आहेत. त्यातली काही, विशेषतः यकृतातलं, जेवणाच्या वेळेवरून लागतात. दिवसा जागणाऱ्या माणसात ही घड्याळं जुळलेली असतात. रात्री झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरतो आणि हृदयाला उसंत मिळते.

उजेडाने ही उसंत कशी मोडते? शिकागोत २० निरोगी तरुणांवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना एक रात्र दिव्याच्या मध्यम उजेडात झोपवलं. डोळे मिटलेले, झोप लागलेली, तरीही हृदयाचे ठोके वाढले. सकाळी इन्सुलिनचा परिणामही कमी झालेला दिसला. एकाच रात्रीत!

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला, सारा चेल्लप्पा आणि फ्रँक शीअर यांचा प्रयोग. खिडक्या नाहीत, घड्याळ नाही, मोबाइल नाही, अशा ठिकाणी त्यांनी २० तरुणांना ठेवलं आणि त्यांच्याकडून रात्रपाळी करवून घेतली. झोप आणि जागरण सगळ्यांना सारखंच. फरक एवढाच, की काही जण रात्रीही जेवत होते आणि काही फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांमध्ये पीएआय-१ हे प्रथिन वाढलं. रक्तातली गुठळी विरघळण्याच्या कामात ते अडथळा आणतं. हृदयाच्या लयीवर ताबा ठेवणाऱ्या मज्जासंस्थेची घडीही त्यांच्यात बिघडली. दिवसाच जेवणाऱ्यांमध्ये पीएआय-१ जवळपास जागेवर राहिलं, रक्तदाब तर उतरला.

माणसं थोडी, तीही तरुण आणि निरोगी. त्यामुळे यावरून लगेच पथ्य ठरवू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहून पाळी काढूच नये. तरी मला यात आशा दिसते. अतिदक्षता विभागातले दिवे मालवता येत नाहीत, पण पोटभर जेवण घरून निघण्याआधी उरकता येतं. त्यासाठी पाळीला निघण्याची वेळ जेवायला फुरसत देणारी हवी, आणि ती परिचारिकेच्या नव्हे, वेळापत्रक लावणाऱ्यांच्या हातात असते.