अंधारातले शंख

देवळात शंख फुंकणारा समोर दिसतो, त्यामुळे आवाज कुठून आला हे कुणी शोधत बसत नाही. पेरूमधल्या चाविन दे वांतार इथल्या मंदिरात मात्र सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न माणसाला भंडावत असणार.

अँडीज पर्वतात, ३,१८० मीटर उंचीवर, दोन नद्यांच्या संगमाशी हे दगडी मंदिर उभं आहे. त्याच्या पोटात अरुंद, काटकोनात वळणारे, बिनखिडक्यांचे बोळ आहेत. एका बोळात साडेचार मीटर उंचीचा, सुळेवाला देव कोरलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. दिवा विझवला तर स्वतःचा हातही दिसणार नाही.

२००१ मध्ये अशाच एका दालनात उत्खनन करताना २० शंख सापडले. शंख उष्ण समुद्रातले, म्हणजे इक्वेडोरच्या बाजूने शेकडो किलोमीटर वाहून आणलेले. हाताळून हाताळून त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत झालेला. शोभेची वस्तू इतकी झिजत नाही.

ध्वनी-अभ्यासक मिरियम कोलार यांनी या बोळांत मोजमापं घेतली. दगडी भिंती इतक्या जवळ आहेत, की आवाज त्यांच्यावर आपटून निरनिराळ्या दिशांनी जवळजवळ एकाच वेळी कानावर येतो. एरवी दोन्ही कानांपर्यंत आवाज पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. इथे तो फरकच विस्कटतो. शंख मग सगळीकडून वाजतो. स्तंभाच्या दालनातून बाहेरच्या गोल चौकाकडे दगडी झरोके काढलेले आहेत. ते इतर आवाजांपेक्षा शंखाचाच सूर चांगला पुढे नेतात. मंदिराखालच्या पाटांत पाणी सोडून गर्जना घडवत असावेत, असं पुरातत्त्वज्ञ लुंब्रेरास यांनी सुचवलं होतं. ते सिद्ध झालेलं नाही, पण मला पटतं.

कानांवरच भागत नव्हतं. मंदिराच्या भिंतींवर दगडी मुंडकी बसवलेली होती. काही माणसांची, काही निम्मी श्वापदांची, आणि काहींच्या नाकातून चक्क शेंबूड ओघळतोय! झिंग आणणारी पूड नाकात ओढली की असंच होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या हाडांच्या नळ्यांमध्ये तंबाखूच्या रानटी जातींचे आणि विल्का नावाच्या भ्रम घडवणाऱ्या बियांचे अंश आढळले.

त्या नळ्या सापडल्या त्या आतल्या लहान दालनांत. तिथे मोजकीच माणसं मावतात. बाहेर चौकात उभ्या असलेल्यांच्या वाट्याला झरोक्यातून येणारा शंखाचा आवाज तेवढा येत असावा.