पीयूसी पास, मग तापमानवाढ कशी?

‘पीयूसी पास झालेल्या गाडीचा तापमानवाढीशी संबंध नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे; नावातच प्रदूषण नियंत्रण आहे.

पण सर्टिफिकेटवरचे आकडे वाचा. पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला धुराची दाटी. तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही.

लिटरभर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, त्यात कार्बन साधारण ६३० ग्रॅम. जळताना दर १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे लिटरमागे सुमारे २.३ किलो, इंजिन कितीही ट्यून केलेलं असो. महिन्याभराच्या लिटरना २.३ने गुणून पाहा.

पीयूसी मात्र वेळेवर काढाच. फुफ्फुसांत जाणारं विष त्यातूनच पकडलं जातं.