आधी वस्तू ठरवा, मग सॉफ्टवेअर
छंदासाठी कॅड (संगणकावर मापात डिझाइन करणं) शिकू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थ्रीडी प्रिंटिंग किंवा लेझर कटिंगसाठी आमच्या वर्कशॉपमध्ये आलेले बरेच जण काम झाल्यावर थोडं थांबतात आणि विचारतात, "हे डिझाइन माझं मलाच करता यावं असं वाटतंय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" त्यावर आम्ही पहिल्यांदा विचारतो, "तुम्हाला बनवायचंय काय?" आकाशकंदील, पंख्याच्या रेग्युलेटरचा नॉब आणि गणपतीची मूर्ती या तिन्ही गोष्टी एकाच सॉफ्टवेअरमध्ये सुखाने होत नाहीत. मूर्ती घडवायला निघालेला माणूस कॅडच्या रेघांमध्ये अडकतो, आठवडाभरात कंटाळतो आणि "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणून सोडून देतो. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे पत्रक.

सपाट कामं

कंदील, मखर, दारावरची पाटी ही लेझरची कामं प्लायवुड, एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यातून कापली जातात. त्यांना थ्रीडी लागत नाही. नक्षी आणि अक्षरांसाठी इंकस्केप घ्या, मापाच्या नेमक्या रेघांसाठी लिब्रेकॅड. दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

मराठी पाटी करणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं 'पाथ'मध्ये, म्हणजे फाँटची गरज नसलेल्या नुसत्या रेघांमध्ये, रूपांतर करा. तुमचा फाँट आमच्या संगणकावर नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. दुसरं म्हणजे, अक्षरं कापून सुटी काढायची असतील तर शिरोरेषा आपल्या मदतीला येते, कारण अख्खा शब्द तिला लटकून एकसंध राहतो. अनुस्वार मात्र कशालाच टेकलेला नसतो. 'आनंद' कापला की टिंब खाली पडतं. त्याला बारीक दांडी जोडावी लागते. उलट, पाटीत अक्षरांची भोकं पाडायची असतील तर 'व' आणि 'ब' यांच्या पोटातला तुकडा गळून जातो, म्हणून तिथे पूल, म्हणजे तुकड्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी, ठेवावा लागतो. हे संगणकाला कळत नाही, डिझाइन करणाऱ्यालाच पाहावं लागतं.

मापाच्या घन वस्तू

मोडलेला नॉब, सर्किटची डबी, भिंतीवरचा ब्रॅकेट, सायकलच्या दिव्याची पकड. ज्या वस्तूला दुसऱ्या कशात तरी नीट बसायचंय, ती या गटातली. इथे पॅरामेट्रिक कॅड हवं. त्यात तुम्ही आधी सपाट स्केच काढता, मापं देता आणि मग त्याला उंची देता. पुढे कधीही एखादं माप बदललं की सगळी वस्तू त्याप्रमाणे बदलते. आमच्या मते छंद म्हणून शिकणाऱ्याने याच पद्धतीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

फ्रीकॅड मुक्त सॉफ्टवेअर आहे. पैसे नाहीत, खातं काढायला लागत नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि त्यात केलेली वस्तू विकायला कुणाची आडकाठी नाही. पूर्वी त्याचा एक मोठा त्रास होता: सुरुवातीचं माप बदललं की पृष्ठभागांचे क्रमांक आतल्या आत बदलायचे, आणि एका कडेला दिलेली गोलाई दुसरीकडेच जाऊन बसायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला. म्हणून शिकवणीचा व्हिडिओ निवडताना तो १.० किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर केलेला आहे ना, ते पाहा. जुन्या व्हिडिओतली बटणं तुम्हाला सापडणार नाहीत आणि दोष मात्र स्वतःला द्याल. पहिला महिना फक्त 'स्केचर' आणि 'पार्ट डिझाइन' या दोनच विभागांत राहा.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे लॅपटॉप जुना असला तरी बिघडत नाही. मोफत खात्यातली डिझाइन्स मात्र सगळ्यांना दिसतात, आणि ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. शिकायला उत्तम, नवी कल्पना जपून ठेवायची असेल तर नको.

ऑटोडेस्कच्या फ्यूजनमध्ये काम करताना हात सहज वळतो, शिकवण्याही भरपूर मिळतात. वैयक्तिक वापराची आवृत्ती मोफत आहे, पण एका वेळी १० च फाइली बदलता येतात. बाकीच्या वाचण्यापुरत्या ठेवून हव्या तेव्हा पुन्हा उघडाव्या लागतात. मोफत आवृत्तीच्या अटी बदलत असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्यातल्या बऱ्याच सोयी कमी झाल्या होत्या. म्हणून मनापासून केलेल्या प्रत्येक डिझाइनची एक प्रत स्टेप फाइल म्हणून स्वतःकडे ठेवा. ती इतर कॅडमध्येही उघडते.

दिवाळीत कंदील किंवा दागिने विकायचा विचार असेल तर या तिन्हींपैकी आम्ही सरळ फ्रीकॅड सुचवतो.

बाकीची थोडक्यात: शाळकरी मुलांसाठी टिंकरकॅड, ते ठोकळे जोडून तासाभरात कळतं. घराचा किंवा ओट्याचा आराखडा बघायला स्केचअप. प्रोग्रामिंग येणाऱ्यांना ओपनएससीकॅड आवडतं, कारण त्यात वस्तू लिहून तयार होते. मूर्ती, चेहरे, प्राणी यांच्यासाठी ब्लेंडर. त्यात माती घडवल्यासारखं काम करता येतं.

शिकायचं कसं? एक नॉब करून

घरातली एक मोडकी वस्तू निवडा. आम्ही नॉब सुचवतो, कारण तो छोटा असतो, स्वस्तात प्रिंट होतो आणि बसला की नाही ते लगेच कळतं.

व्हर्नियर कॅलिपर घ्या. पट्टीने हे काम होत नाही. नॉब ज्यावर बसतो त्या दांडीचा व्यास मोजा. बऱ्याच पोटेन्शिओमीटरची (नॉबने फिरवायच्या रेग्युलेटरसारख्या भागाची) दांडी ६ मिमीची असते आणि एका बाजूने तासलेली असते, म्हणजे कापली तर इंग्रजी 'डी' अक्षरासारखी दिसते. तासलेल्या बाजूने किती भरते तेही मोजा, साधारण ४.५ मिमी येईल. तीन ठिकाणी मोजून कागदावर लिहा.

आता स्केच. वर्तुळ काढा, व्यास द्या, मध्य मूळबिंदूवर, म्हणजे स्केचच्या शून्य बिंदूवर, बांधा. या बांधण्यालाच कन्स्ट्रेंट म्हणतात आणि कॅडचं सगळं मर्म त्यात आहे. ही रेघ आडवी, या दोन समांतर, ही या वर्तुळाला स्पर्श करणारी, असं एकेक सांगत जायचं. सगळं बांधून झालं की फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं, फ्यूजन आणि ऑनशेपमध्ये निळ्या रेघा काळ्या होतात. तो रंग येईपर्यंत पुढे जाऊ नका. अर्धवट बांधलेलं स्केच आज बरोबर दिसतं आणि उद्या एक माप बदललं की वेडंवाकडं होतं.

मग उंची द्या, दांडीसाठी भोक पाडा आणि कडांची गोलाई अगदी शेवटी द्या. भोक मोजलं त्यापेक्षा ०.२ मिमी मोठं ठेवा, कारण प्रिंटमध्ये भोक थोडं लहान येतं. पहिला नॉब घट्ट किंवा ढिला होईल. होऊ द्या. दुसऱ्या वेळी फक्त तेवढं एक माप बदला आणि बाकीचं डिझाइन आपोआप जुळून येताना पाहा. कॅड का शिकायचं ते त्या क्षणी कळतं, आणि आमच्या काउंटरवर लोकांच्या चेहऱ्यावर आम्ही तो आनंद पाहिला आहे.

त्यानंतर कंदील घ्या. तो सपाट तुकड्यांचाच असला तरी तुकडे एकमेकांच्या खाचांत नेमके बसायला हवेत, म्हणून तो इथे पॅरामेट्रिक कॅडमध्ये करा. यात पत्र्याच्या जाडीला नाव द्या, 'जाडी'. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट आहे, फ्यूजनमध्ये पॅरामीटर्स, ऑनशेपमध्ये व्हेरिएबल. सगळ्या खाचा त्या नावावर बांधा. हे करायलाच हवं, कारण ३ मिमी म्हणून विकलं जाणारं प्लायवुड मोजलं तर कधी २.८ भरतं, कधी ३.१. शिवाय लेझर स्वतः ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जाळतो, म्हणून घट्ट बसवायची खाच तेवढी अरुंद काढावी लागते. नवा पत्रा आला की एक आकडा बदलायचा आणि सगळ्या खाचा दुरुस्त. हाताने बदलायला बसलात तर एखादी राहतेच.

फाइल देताना

प्रिंटसाठी थ्रीएमएफ प्रकारची फाइल सगळ्यात बरी, कारण तिच्यात एकक लिहिलेलं असतं. एसटीएल चालते, पण तिच्यात नुसते आकडे असतात. ते मिलिमीटर की इंच हे तीत नसतं. लेझरसाठी एसव्हीजी किंवा डीएक्सएफ द्या. एका ग्राहकाचा ३०० मिमीचा कंदील आमच्या पडद्यावर इंचात उघडला आणि २५ फुटांचा झाला. वेळीच दिसलं म्हणून बरं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला एक माप चिठ्ठीवर लिहून मागतो: लांबी किंवा उंची, कुठलंही एक. आपल्याकडे सुतार सुतात बोलतात, एक सूत म्हणजे पाव इंचाचं निम्मं. घरी तसं मोजलं असेल तर तसंच लिहा, मिलिमीटर आम्ही करून घेऊ.

पहिली फाइल घेऊन याल तेव्हा मूळ वस्तूही आणा, मोडलेली असली तरी. कॅलिपर आमच्याकडे आहे, आणि तुमच्यासमोर मोजून मगच प्रिंट लावतो.