जांभळा कोबी आणि फुलांचा निळा रंग

जांभळा कोबी बारीक चिरून गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की पाणी गर्द जांभळं होतं. ते गाळून दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, पाणी लगेच गुलाबी-लाल होईल. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, ते निळं होईल, जरा हिरवटाकडे झुकणारं. आता या निळ्या पेल्यात थेंब थेंब लिंबू सोडत जा. फेस येतो आणि रंग निळ्यावरून जांभळ्यावर, तिथून पुन्हा गुलाबीवर येतो. मला या प्रयोगात हे परतणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण दर्शकाचं, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणाऱ्या पदार्थाचं, सगळं काम त्याच्यावरच चालतं.

हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आम्लात हायड्रोजन आयन मुबलक असतात, तेव्हा या रेणूवर धन प्रभार असतो. तो हिरवा प्रकाश शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. आम्लता घटली की रेणू हायड्रोजन आयन सोडतो, त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आता नारिंगी प्रकाश शोषला जातो आणि निळा उरतो. सामू (pH, आम्लता घटली की वाढणारा आकडा) 12 च्या पुढे गेला की रेणूतलं एक कडं उघडतं आणि द्रावण पिवळं पडतं. तिथे फार वेळ राहिलं तर रेणूच मोडतो, मग कितीही लिंबू पिळा, मूळ रंग येत नाही.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्येच व्हायोलेट फुलांच्या अर्कावर अशी निरीक्षणं नोंदवली होती. लिटमस हा दर्शकही निसर्गातूनच, दगडफुलांपासून (लायकेनपासून) मिळतो. हळद मात्र फक्त आम्लारी ओळखते. आम्लात ती पिवळीच राहते, आम्लारीत लालसर तपकिरी होते.

झाडं स्वतःही ही युक्ती वापरतात. मॉर्निंग ग्लोरीच्या ‘हेवनली ब्लू’ जातीची कळी जांभळट-लाल असते. फूल उमलताना पाकळीतल्या पेशीरसाचा सामू 6.6 वरून 7.7 वर चढतो आणि तेच रंगद्रव्य आकाशी निळं होतं.

पण प्रत्येक निळं फूल असं नसतं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी 1915 चं नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड विल्श्टेटर यांना लाल गुलाब आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एकच रंगद्रव्य, अँथोसायनिनच्याच घराण्यातलं सायनिडिन, सापडलं. कॉर्नफ्लॉवरचा पेशीरस आम्लारीधर्मी असणार, असा तर्क त्यांनी केला. तो चुकला. तो रस आम्लधर्मीच असतो. 2005 मध्ये कॉर्नफ्लॉवरच्या निळ्या रंगद्रव्याची स्फटिकरचना उलगडली तेव्हा दिसलं की तिथे अँथोसायनिनचे सहा रेणू, फ्लॅव्होन या दुसऱ्या वनस्पती-संयुगाचे सहा रेणू आणि लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन एकत्र बांधलेले असतात. निळा रंग येतो तो या बांधणीतून.